'रात्रीस खेळ चाले': अण्णा-शेवंतावर खूप बोललो, आता माईंबद्दल बोलूया

ओसरीवरची

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून दीड महिना रजा टाकून घरी होते. रात्री तिला झोप लागायची नाही. मग दोघींनी मिळून 'रात्रीस खेळ चाले' ही झी मराठीवरची भुताची मालिका पहिल्यापासून परत बघायला घेतली. 22 फेब्रुवारी 2016ला पहिला भाग लागला तेव्हा मी हॉस्टेलवर होते. साडेदहा वाजले की खालच्या हॉलमध्ये बसायला जागा मिळायची नाही, आणि भाग संपला की कोणीही एकटी जिना चढायची नाही. तेव्हा सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असायचं, आता कोण दिसणार?

या वेळी मात्र तिसऱ्या रात्री आई एकदम म्हणाली, "ह्या बाईक सगळा ठावक आसा. बोलणा नाय इतक्याच."

ती माईंबद्दल, अण्णा नाईकांच्या बायकोबद्दल, बोलत होती. तेव्हापासून मला दुसरं काही दिसेनाच.

बघा ना. पहिल्या पर्वात घराचे कर्ते अण्णा नाईक गेलेले आहेत. त्यांच्या जाण्यानेच सगळं घर वाड्यावर गोळा होतं. मुंबईचा मुलगा माधव आणि सून नीलिमा, गावातच राहिलेले दत्ता आणि सरिता, धाकटा अभिराम, माहेरी असलेली मुलगी छाया. प्रत्येकाला अण्णा वेगळे आठवतात. दुसरं पर्व 14 जानेवारी 2019ला आलं आणि मागे गेलं, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता, म्हणजे अण्णांची प्रेयसी, यांनी ते पर्व खाऊन टाकलं. मार्च 2021मध्ये तिसरं आलं, त्यात तर दोघंही भुतं. म्हणजे अण्णा आधी मेलेले, मग जिवंत, मग पुन्हा मेलेले. या सगळ्यात एकच माणूस त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात आहे. माई.

माझं म्हणणं एवढंच आहे की लेखकांच्या हातात सगळ्यात मोठं पात्र माईंचं होतं. अण्णांचं भूत बघून बाकीच्यांची बोबडी वळते. माईंनी तर हा माणूस जिवंतपणी सोसलाय. त्यांना त्याचं भूत होण्यात नवीन ते काय? शकुंतला नरे यांनी हे नुसत्या डोळ्यांनी करून दाखवलंय. ताट वाढताना हात क्षणभर थांबतो आणि पुन्हा चालू होतो. त्या थांबलेल्या हाताची भीती मला कुठल्याही किंकाळीपेक्षा जास्त वाटली.

तर प्रश्न असा. माई गप्प राहणारीच बाई होती, की लेखकांनी तिला गप्प ठेवलं?

खळ्यातलो झील

ताई, तुमच्या आईक माझो नमस्कार सांगा. एका वाक्यात बोलली ती.

मी कुडाळचा. मालिकेचा वाडा कुडाळ-सावंतवाडी रस्त्यावरच्या आकेरीत. मालिका चालू असताना मुंबई-पुण्याच्या गाड्या तिथे थांबायच्या, लोक फाटकासमोर उभे राहून फोटो काढायचे. आकेरीला रामेश्वराचं जुनं देऊळ आहे, त्याच्यासाठी वाट वाकडी करणारे त्यातले किती होते देव जाणे.

सुरुवातीला आमच्याकडे राग होता आणि तो खोटा नव्हता. कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख, कोकणी माणूस म्हणजे करणी करणारा, अशी थट्टा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली. त्यात रोज रात्री घराघरात तेच दाखवणार म्हटल्यावर आमचे बाबा उठून बाहेर जायचे. अंधश्रद्धा पसरवते म्हणून मालिकेला विरोधही झाला. भाषेवरूनही कुरबुर होती. मालवणी अर्धी आणि मराठी अर्धी. पण वाड्यावरच्या वेडसर पांडूचं "इसारलंय" (विसरलो) आमच्या शाळेतल्या पोरांच्या तोंडी बसलं ते बसलंच. पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकी एक, म्हणून त्या वेड्याच्या तोंडची मालवणी सगळ्यात अस्सल वाटायची असं मला वाटतं.

माझी खरी तक्रार वेगळी. आमच्याकडे ज्याला भ्यायचं आणि ज्याच्या भरवशावर झोपायचं, ते एकच असतं. राखणदार असतो. देवचार असतो. हातात काठी, खांद्यावर कांबळं, पायात व्हाणा. रात्री सीमेवरून फिरतो म्हणतात. आजी सांगायची, चुकलेल्या माणसाला तो घरापर्यंत सोडतो. त्याला वर्षाला रोट द्यायचा, विडी ठेवायची. लावसट, गिरो ही भुतांची नावं पोरांना भिववायला होतीच, पण त्यांच्या जोडीला राखण करणारा पण होता. मालिकेत फक्त भिवविणारं आलं, राखणारं आलंच नाही. वाड्याचा राखणदार कोण होता मग?

माझं उत्तर: माई.

डोंबिवली_लोकल

मी विरुद्ध बाजूने बोलणार, राग मानू नका.

अण्णांना जिवंत करणं हा मराठी मालिकांमधला सगळ्यात धाडसी निर्णय होता. शेवट सगळ्यांना ठाऊक असताना मागे जायचं. शेवंता मरणार, अण्णा मरणार, घराला कीड लागणार, हे आधीच सांगून टाकलेलं. तरी लोक दीड वर्ष बघत राहिले. कारण प्रश्न बदलला. आधी होता 'काय होणार', मग झाला 'माणूस इतका खाली कसा जातो'. अण्णा बाजारातून चालत येतात आणि लोक नजर खाली घालतात, यात भूत कुठे आहे? काहीच नाही. तरी पोटात गोळा येतो.

आणि शेवंताला नुसती मोहिनी म्हणून सोडून देऊ नका. गजरा, वेणी, साडी यावर खूप लिहून झालं. तिला काय हवं होतं यावर कोणी लिहीत नाही. पाटणकरांसारखा पापभीरू नवरा, परकं गाव, आणि समोर असा माणूस की ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही. तिची हाव होती, मान्य. पण अण्णांचा दरारा ज्याच्या वाट्याला आला त्याला 'नाही' म्हणायची मोकळीक होती का? लेखकांनी तिला हाव दिली, म्हणून ती माणूस वाटली. नुसती बिचारी दाखवली असती तर आठवडाभरात विसरलो असतो.

माईंबद्दल: दैनंदिन मालिकेत गप्प पात्र चालत नाही हो. रोज वीस-बावीस मिनिटं भरायची असतात. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. ज्या प्रसंगाला आकडा चढला तो पुढच्या पंधरा दिवसांत चार वेळा फिरवून येतो. अण्णा-शेवंताला आकडा होता. माईंच्या थांबलेल्या हाताला आकडा कोण देणार?

ओसरीवरची

@डोंबिवली_लोकल, शेवंताबद्दलचं अक्षर न् अक्षर मान्य. पण आकड्यामुळे माई मागे पडल्या हे तुम्हीच सांगताय. मग माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्ही दिलंत की, त्यांना गप्प ठेवलं गेलं.

@खळ्यातलो झील, राखणदाराचं वाचून आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

आवाजवेडी

मी आवाजाच्या संकलनाचं काम करते (या मालिकेवर नाही), म्हणून कानाने बघते.

पहिल्या पर्वातली भीती कशात होती ते सांगते. घराच्या आवाजात. कोकणातल्या जुन्या घराला स्वतःचा आवाज असतो. वाशांचा, झोपाळ्याच्या कड्यांचा, पावसात नळ्यांवरून ओघळणाऱ्या पाण्याचा, आणि बाहेर रातकिड्यांचा. रातकिडे सतत चालू असतात म्हणून ते ऐकूच येत नाहीत. ते थांबले की कळतं. कुठलाही रानातला माणूस सांगेल, रातकिडे एकदम थांबले की जवळ काहीतरी हललंय. भीती दाखवायची तर हा थांबणारा आवाज पुरतो. त्यावर ढोल वाजवला की मेंदूला कळतं, हं, आता घाबरायचं आहे, आणि तो सावध होतो. सावध माणूस दचकतो, पण भीत नाही. दचकणं आणि भिणं यात फार अंतर आहे.

पुढच्या पर्वांत पार्श्वसंगीत वाढत गेलं आणि शांतता कमी होत गेली. माईंचा जो हात थांबतो म्हणताय ना, तो मला रातकिडे थांबल्यासारखाच वाटतो. घरातला रोजचा आवाज क्षणभर बंद. भांड्याचा, पळीचा, बांगड्यांचा. हे पात्र आवाजावर उभं करता आलं असतं, एकही वाक्य न देता. त्या जागी संगीत घालणं ही चूक झाली असं मी छातीठोक सांगेन.

शिकागोची सुरंगी

इथे थंडीत संध्याकाळी पाचला अंधार पडतो. मी आणि मावशी पांघरुणात बसून बघायचो. मावशीचं माहेर वेंगुर्ल्याचं, ती भाषेसाठी बघायची.

माझ्यासाठी मालिका नीलिमाची होती. घरात एकच बाई कारण विचारते. हे कोणी केलं, कधी केलं, दार आतून बंद होतं का? 2013मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यासाठी किती वर्षं झगडावं लागलं ते आपल्याला माहीत आहे. त्यानंतर तीन वर्षांनी छोट्या पडद्यावर असं घर आलं आणि त्यात प्रश्न विचारणारी सून आली, याचं मला अप्रूप होतं. पण तिचा प्रत्येक प्रश्न पुढच्या भागाला दचकवण्यापुरताच वापरला गेला. पहिल्या पर्वाचा ऑक्टोबर 2016मधला शेवट आमच्या घरात कोणालाच पटला नाही. मावशी म्हणाली, एवढा मोठा गुंता केला आणि सोडवायच्या ऐवजी कात्रीने कापला.

माईंवर यायचं तर: मला माई आणि नीलिमा यांचा एक निवांत प्रसंग हवा होता. एक सगळं जाणणारी आणि न बोलणारी, दुसरी काहीच न जाणणारी आणि विचारत सुटलेली. दोघी ओट्यावर नारळ खवत बसल्यात, एवढंच. तिथे गाठ सुटली असती. सासू-सुनेला एकमेकींसमोर भांडायलाच बसवायचं ही मालिकांची सवय नडली.

वहिवाट

मी वकील नाही, पण वीस वर्षं दस्त लिहितोय. मला या मालिकेत भुतापेक्षा सातबारा जास्त दिसतो.

वाड्याचं आणि जमिनीचं काय करायचं यावर मुलगे आणि सुना तोंडाला तोंड देतात. आता हिंदू वारसा कायदा बघा. माणूस मृत्युपत्र न करता गेला तर विधवा, मुलगे, मुली, आणि आई हयात असेल तर तीही, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, वाटा सारखा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क 2005च्या दुरुस्तीने देशभर आला. महाराष्ट्राने तर 1994मध्येच आपली दुरुस्ती केली होती, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींना धरून. म्हणजे 2016च्या त्या वाड्यात माई आणि छाया दोघी बरोबरीच्या वाटेकरी. दत्ताने जन्मभर शेती राखली म्हणून त्याला जास्त नाही आणि माधव मुंबईला गेला म्हणून त्याला कमी नाही. अण्णा-शेवंताची मुलगी सुषमा, तिचा प्रश्न वेगळा. आईबापांचं लग्नच झालेलं नसेल तर अशा मुलीला बापाच्या मिळकतीत वारसा मिळत नाही, बापाने मृत्युपत्राने दिलं तरच. हे फार कठोर आहे, आणि शेवंताच्या गोष्टीतला खरा सूड इथे आहे. भुताने घेतलेला नव्हे, कागदाने घेतलेला.

आमच्या घरातलं सांगतो. आजोबा गेले तेव्हा आत्याला हक्कसोडपत्रावर अंगठा लावायला बोलावलं. मी तेव्हा अकरा वर्षांचा. तिला सही करता येत होती, चौथी शिकलेली. तरी कोणीतरी म्हणालं, "अंगठाच बरा, पटकन होईल." तिने निमूट अंगठा दिला. मग घरी येऊन मागच्या दारी दगडावर घासत बसली, निळी शाई निघेपर्यंत. आजीला पण तसंच केलं. आजी तर सहीच्या जागेकडे बघतही नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती.

मालिकेतल्या माई अशाच भिंतीकडे बघतात. वाड्याचा वाटा ज्या बाईच्या नावावर चढू शकतो, तिला कोणी विचारत नाही की तुझं म्हणणं काय. माझ्या मते लेखकांनी हे मुद्दाम केलं असेल तर उत्तम केलं. न कळत झालं असेल तर त्याहून वाईट, कारण मग ते आपल्या सगळ्यांच्या घरासारखंच झालं.

डोंबिवली_लोकल

@वहिवाट, ही पोस्ट वाचून मी माझं आधीचं वाक्य मागे घेतो. आकडा मिळाला असता. निळ्या शाईच्या अंगठ्याला लोक बघत बसले असते.

तिसऱ्या पर्वाबद्दल मात्र कोणीच बोलत नाहीये.

खळ्यातलो झील

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. ओसाड वाडा, हातातोंडाची गाठ पडत नाही असं झालेलं घर, ही कल्पना चांगली होती. कोकणात असे वाडे पावलागणिक आहेत. मुलं मुंबईत, मागच्या पडवीचं छप्पर बसलेलं, एक म्हातारी आणि एक दिवा. सुरू झाली न झाली तोच करोनाच्या दुसऱ्या लाटेत चित्रीकरणं अडकली आणि मालिका मध्येच थांबली. पुढे शेवंता बदलली, अपूर्वाच्या जागी कृतिका तुळसकर आली. नव्या मुलीचा दोष नाही, पण ज्या चेहऱ्याची भीती आणि ओढ लोकांनी मनात बसवली होती तो बदलला की भूत परकं होतं. आणि अण्णा रोज दिसू लागले. रोज दिसणाऱ्याला कोण भितो? गावातला पोस्टमनसुद्धा आठवड्यातून दोनदा येतो.

आणखी एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, ती मला खुपते. आमच्याकडे काही अडलं, काही चुकलं, की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. घाडी (गावचा देवकार्य करणारा) किंवा घरातला जाणता माणूस उभा राहतो आणि मोठ्याने सगळं बोलतो. "बा देवा म्हाराजा..." आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यात काही लपवायचं नसतं. कोणाची चूक, कोणाचं देणं राहिलं, कोणाचा तळतळाट लागला, सगळं उघड्यावर. मनातलं सगळ्यांच्या कानावर घालायचं आणि सगळ्यांनी व्हय म्हणायचं, मग निम्मी भीती तिथेच उतरते. पण गाऱ्हाणं घालणारा कायम पुरुष. मी आजवर एकाही बाईला गाऱ्हाणं घालताना बघितलं नाही.

माईंनी एकदा ते घालायला हवं होतं. वाड्याच्या खळ्यात, तुळशीसमोर. लग्न होऊन आल्यापासून शेवंतापर्यंत सगळं. आणि मागे उभं राहून मुलांनी, सुनांनी, पांडूने व्हय म्हाराजा म्हणायचं. हा शेवट असता तर मी तिन्ही पर्वं अजून दहा वेळा बघितली असती.

शिकागोची सुरंगी

अंगावर काटा आला. आणि नीलिमा? ती व्हय म्हणेल? माझ्या मते ती पहिली म्हणेल. तिचा देवावर विश्वास नसला तरी माईंवर बसेल.

आवाजवेडी

आणि त्या वेळी एकही वाद्य नको. फक्त रातकिडे, आणि गाऱ्हाणं संपल्यावर ते पुन्हा चालू होताना ऐकू यायला हवेत.

वहिवाट

@खळ्यातलो झील, आत्या अजून आहे, ब्याऐंशी वर्षांची. रविवारी जाणार आहे तिच्याकडे. मालिका नाही दाखवणार, पण हे तुमचं लिहिलेलं वाचून दाखवीन.

ओसरीवरची

सगळ्यांच्या पोस्टी आईला वाचून दाखवल्या. वॉकर घेऊन ती आता स्वयंपाकघरापर्यंत जाते, काल रात्री ओट्याला टेकून उभी राहून ऐकत होती. गाऱ्हाण्याचं वाचलं तेव्हा तिने माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवून स्वतः पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, "बायको घालतत गो गाऱ्हाणा. चुलीफुडे. आयकूक कोण नसता."

मग तिने मला बसायला सांगितलं. बाबांबद्दल, आजीबद्दल, लग्नानंतरच्या पहिल्या तीन वर्षांबद्दल ती पाऊण तास बोलली. त्यातलं काहीच मला माहीत नव्हतं आणि ते इथे लिहिणारही नाही. प्रत्येक वाक्यानंतर काय म्हणायचं ते मात्र मला आता माहीत होतं, म्हणून मी ते म्हणत गेले.

तिसऱ्या पर्वाचे शेवटचे भाग अजून राहिलेत. आज रात्री आई म्हणतेय, ते राहू दे, पहिल्याचा पहिला भाग परत लाव.